मानेच्या ऑपरेशननंतर बाबांची मान खाली झुकत चाललीय. दुसऱ्या ऑपरेशनला हो म्हणावं का?

वाईची_लेक
नमस्कार मंडळी. गेली सहा-सात वर्षं नुसती वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकीच्या विभागात टाकला असेल तर सांगा.

बाबा ७४ वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. दीड वर्षापूर्वी शर्टाची बटणं लावता येईनात, पेन हातातून सुटायचं, चालताना पाय भलतीकडेच पडायचे. आम्ही वयावर ढकलत राहिलो. शेवटी एमआरआयमध्ये मानेत तीन-चार ठिकाणी मज्जारज्जू दाबला गेल्याचं निघालं. मायलोपॅथी म्हणाले. गेल्या ऑक्टोबरमध्ये तो दाब काढायला मागच्या बाजूने लॅमिनेक्टमी झाली, तिसऱ्या ते सहाव्या मणक्यापर्यंत. स्क्रू घातले नाहीत. हाताला नक्की फरक पडला. सही परत पहिल्यासारखी जमायला लागली.

पण संक्रांतीपासून मान पुढे पडतेय. सकाळी त्यातल्या त्यात बरी असते, दुपारनंतर हनुवटी छातीकडे जाते. समोरून कोण येतंय ते पायांवरून ओळखतात. दाढी करायला न्हावी घरी येतो, त्याला हनुवटीखाली वस्तरा घालता येत नाही. वर्षभरात वजन ५८ वरून ५२ झालंय, बसल्याजागी डोळा लागतो.

आता सर्जन म्हणतात, मागून स्क्रू-रॉड घालून मान सरळ करावी लागेल. मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून पाठीच्या दुसऱ्या मणक्यापर्यंत, पाच-सहा तास. भूल देणारे डॉक्टर म्हणतात, ‘पेशंट फ्रेल आहे, विचार करा.’ दोघेही भले आहेत आणि दोघांचंही पटतं. भाऊ म्हणतो करून टाकू, आई म्हणते आता हात लावू नका. कोणाच्या घरी असं झालंय का?

झंपूशेठ
अजिबात करू नका. सासऱ्यांच्या वेळी आम्ही हो म्हणालो होतो. ऑपरेशन ‘यशस्वी’ झालं, एक्स-रे फ्रेम करून भिंतीला लावावा असा. आणि माणूस अकरा दिवस आयसीयूत, नंतर नाकात नळी, नंतर न्यूमोनिया. एक्स-रे अजून घरात आहे.

रानवाटा
झंपूशेठ, वाईट वाटलं वाचून. पण उलटं उदाहरणही नोंदवते. आईचं ७१ व्या वर्षी असंच दुसरं ऑपरेशन झालं. सहा महिने जड गेले, खोटं बोलत नाही. आता देवळात जाऊन कळस बघते. मान फिरत नाही, शेजारच्याशी बोलायला अख्खी वळते, पण समोर बघते. मात्र आईचं वजन उतरलेलं नव्हतं आणि ती आधी रोज दोन किलोमीटर चालायची.

टिकोजीराव
मुळात पहिल्यांदाच स्क्रू का नाही घातले? ही सरळसरळ डॉक्टरची चूक आहे. रिपोर्ट घेऊन ग्राहक न्यायालयात जा.

फिजिओ_मावशी
टिकोजीराव, थोडा दम धरा.

वाईची_लेक, २२ वर्षं फिजिओथेरपी करतेय, म्हणून काही विचारते.

१. पाठीवर झोपले की डोकं उशीला टेकतं का? की उशी आणि डोक्यात फट राहते?
२. उभ्याने, डोक्यापासून खुब्यापर्यंतचा कडेने काढलेला एक्स-रे आहे का? नुसत्या मानेचा नव्हे, अख्खा.
३. पाठीला पोक आहे का, आणि तो ऑपरेशनच्या आधीपासून होता का?

पहिल्या प्रश्नावर बरंच काही अवलंबून आहे. उत्तर द्या, मग बोलू.

वाईची_लेक
मावशी, आत्ता जाऊन बघून आले. आडवे झाल्यावर लगेच नाही टेकत, दोन-तीन मिनिटांनी हळूहळू टेकतं. पोक आधीपासून आहे, शाळेच्या ग्रुप फोटोतही दिसतो. एक्स-रे उभ्याचा आहे पण फक्त मानेचा. त्यावर लिहिलंय ‘सी-टू सी-सेव्हन एसव्हीए ५२ मिमी’. याचा अर्थ मला कोणी सांगितला नाही, मी विचारलाही नाही.

फिजिओ_मावशी
टेकतं म्हणजे मान अजून लवचीक आहे, आखडून गेलेली नाही. आजची चांगली बातमी एवढीच धरा, पण ती लहान नाही. आखडलेली मान सरळ करायची तर हाड कापावं लागू शकतं, लवचीक मानेला बहुतेक वेळा तेवढं लागत नाही.

आता ते ५२. गवंड्याचा ओळंबा आठवा. मानेच्या दुसऱ्या मणक्याच्या मध्यातून ओळंबा सोडला आणि तो सातव्या मणक्याच्या वरच्या मागच्या कोपऱ्यापासून किती पुढे पडतो ते मोजलं, तर तो आकडा. साधारण ४० मिलिमीटरच्या पुढे गेला की त्रास जास्त असतो असं अभ्यासात दिसलंय. ही लक्ष्मणरेषा नाही, ५५ वाले मजेत फिरताना आणि ३५ वाले रडताना मी पाहिलेत.

डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. ते मणक्यांच्या बरोबर वर असलं तर हाडं पेलतात, पुढे गेलं की मागच्या स्नायूंनी दिवसभर ओढून धरायचं. मांडवाचा खांब आणि मागची दोरी. बाबा सकाळी बरे आणि दुपारी वाकलेले, कारण दोरी दुपारपर्यंत थकते.

लॅमिनेक्टमीत मणक्यांच्या मागच्या कमानी काढतात. त्या काढायच्या तर त्यांना चिकटलेले स्नायू सोडवावे लागतात. म्हणजे दोरी ज्या खुंट्यांना बांधलेली, त्या खुंट्याच कमी झाल्या. बऱ्याच जणांचं निभावतं. ज्यांची दोरीच मुळात विरलेली असते, त्यांचं निभत नाही.

सिमेंट_काँक्रीट
ओळंबा म्हटल्यावर आम्ही आलोच. ३० वर्षं साइटवर गेली. मावशी, पोकाचं का विचारलंत ते कळलं. पाया कललेला असेल तर वरच्या मजल्याच्या भिंती ओळंब्यात आणायचा ठेका शहाणा माणूस घेत नाही.

फिजिओ_मावशी
सिमेंट, तुम्ही फिजिओ व्हायला हवं होतं. अगदी तेच. मान पाठीच्या पहिल्या मणक्यावर उभी असते. तो जितका पुढे कललेला, तितकी मानेला मागे कमान घ्यावी लागते, नाहीतर नजर जमिनीवर. कमान घ्यायला स्नायू हवेत. म्हणून अख्खा एक्स-रे.

गुळपोळी
आमच्या इथे एक बाबा आहेत, मान दोन झटक्यात बसवतात. नंबर हवा असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

झंपूशेठ
गुळपोळी, आधी स्वतःची मान देऊन बघा आणि मग व्यनि करा. करता आला तर.

सिमेंट_काँक्रीट
आमचा न्हावी दाढीनंतर मोफत कडकडाट करायचा. २० वर्षं करून घेतला. हे वाचून आज पहिल्यांदा त्याचा हात धरला.

संपादक मंडळ
गुळपोळी यांचा पुढचा प्रतिसाद काढला आहे. मज्जारज्जूवर दाब असलेल्या किंवा ऑपरेशन झालेल्या मानेला झटके देण्याचे सल्ले इथे देऊ नयेत.

भूलवाली
उशिरा आले. मी भूलतज्ज्ञ होते, आता निवृत्त. टिकोजीरावांच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तो या धाग्याच्या मुळाशी आहे, फक्त उलटा धरलाय.

स्क्रू का घातले नसतील? कारण स्क्रू घालायचे तर ऑपरेशन लांबतं, रक्त जास्त जातं, जखम मोठी होते आणि हाड ठिसूळ असेल तर स्क्रू धरत नाहीत. वजन उतरलेल्या ७३-७४ वर्षांच्या माणसाला टेबलावरून लवकर खाली उतरवणं हा तेव्हाचा हिशेब असू शकतो. त्या हिशेबाची दुसरी बाजू म्हणजे मान झुकण्याचा धोका. म्हणजे ज्या अशक्तपणामुळे लहान ऑपरेशन निवडलं, त्याच अशक्तपणामुळे ते लहान ऑपरेशन पचलं नाही. यात चूक असेलही, पण धाग्यावर बसून ठरवता येणार नाही. हा धोका आधी समजावला होता का, हे मात्र घरच्यांनी जरूर विचारावं.

आता ‘फ्रेल’. हा शब्द आम्ही डॉक्टर फेकून मोकळे होतो. फ्रेल म्हणजे म्हातारा नव्हे. २००१ मध्ये लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी पाच खुणा मांडल्या: न ठरवता वजन उतरणं, सतत थकवा, हाताची पकड कमी, चाल मंद, हालचाल कमी. तीन किंवा जास्त असतील तर फ्रेल, एक-दोन असतील तर उंबरठ्यावर. ८२ वर्षांची बाई यात शून्य असू शकते आणि ६३ चा गृहस्थ पाच. आधार कार्डावरची तारीख बघून मी कधी भूल दिली नाही.

आता तुमच्या बाबांपुरती मेख. पकड कमी आणि चाल मंद या दोन खुणा मायलोपॅथीमुळेही येतात! म्हणजे पाचातल्या दोन खुणा म्हातारपणाच्या की दाबल्या गेलेल्या रज्जूच्या, हे कागदावरून कळत नाही. त्या रज्जूच्या असतील तर दाब काढल्यावर सुधारतात, जसा तुमच्या बाबांचा हात सुधारला. उरतं काय? वजन सहा किलो उतरलंय, थकवा आहे. त्याचं कारण कोणी शोधलं का? गिळायला त्रास आहे का? मान इतकी झुकल्यावर घास उतरायला अवघड जातं आणि माणूस हळूहळू कमी जेवतो, कोणाच्या लक्षातही येत नाही.

वाईची_लेक
भूलवाली ताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘भाकरी सोडून दोन महिने झाले, दूध-भात खातात. मला वाटलं दातांमुळे.’ म्हणजे आम्ही एका घरात राहून हे बघितलंच नाही.

रानवाटा
स्वतःला बोल लावून घेऊ नका. रोज बघणाऱ्याला दिसतच नाही, बाहेरून आलेल्याला दिसतं.

शब्दवेडा
अवांतर: फ्रेल्टीला मराठीत काय म्हणावं? ‘जर्जरता’ वाचलंय कुठेतरी, पण ते फार अंतिम वाटतं. ‘दौर्बल्य’ फार शाळकरी.

आज्जीचा_बटवा
खंगणे. आमच्याकडे ‘खंगला’ म्हणतात.

सिमेंट_काँक्रीट
पोकळ वासा. बाहेरून रंग चांगला, ठोकलं की आवाज येतो.

कोल्हापुरी_ठसका
आमच्याकडं ‘माणूस आतनं गेलंय’ म्हणतात. बास.

शब्दवेडा
ठसका जिंकले. शब्दकोशात जाणार नाही हे दुर्दैव.

कोल्हापुरी_ठसका
जिंकलोय तर माझी पण गोष्ट ऐका. चुलतीचं समोरून ऑपरेशन झालं, दोन मणके जोडून पट्टी बसवली. डॉक्टरनी सांगितलं तंबाखू बंद, निकोटीननं हाड जुळत नाही. चुलती म्हणाली मी तंबाखू खातच नाही. खरंच खात नव्हती. मिशेरी लावायची! दिवसातनं चारदा. तिच्या मते मिशेरी म्हणजे दात घासणं. सहा महिन्यांनी हाड जुळलेलं नाही, एक स्क्रू सैल. डबी उशीखाली सापडली. डॉक्टरनी कपाळाला हात लावला, आता विचारताना ‘मिशेरी, तपकीर, गुटखा’ अशी यादीच म्हणतात. बाबांना काही लावायची सवय आहे का बघा.

वाईची_लेक
बाबा नाही. आई लावते :(

टोरांटोचा_बंडू
इथला अनुभव. शेजारच्या गुजराती काकांचं मणक्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा आधी वृद्धरोगतज्ज्ञाने तासभर बघितलं. घरात कोण, जिने किती, गोळ्या किती, रात्री किती वेळा उठता. हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठातल्या केनेथ रॉकवुड यांची २००५ सालची एक पट्टी आहे, पुढे ती नऊ पायऱ्यांची झाली. एक म्हणजे ठणठणीत, नऊ म्हणजे शेवटचे दिवस. काका पाचवर निघाले. तीन महिने खाणं आणि व्यायाम, मग ऑपरेशन. आपल्याकडे अशी भेट मिळते का?

भूलवाली
मोठ्या शहरांत काही ठिकाणी मिळते. नसेल तर चांगला फिजिशियन पुष्कळ काम करतो, आपण मागितलं पाहिजे. बंडू, ‘तीन महिने’ हा तुमच्या गोष्टीतला कळीचा भाग.

टिकोजीराव
भूलवाली ताई, मुद्दा मान्य. पण मग समोरूनच ऑपरेशन का नाही केलं? समोरून केलं की मागचे स्नायू शाबूत राहतात ना?

भूलवाली
राहतात. पण गळ्यातून जावं लागतं, अन्ननलिका बाजूला सारावी लागते. उत्तर अमेरिकेत १६३ मायलोपॅथी रुग्णांवर समोरून की मागून अशी तुलना झाली, निष्कर्ष २०२१ मध्ये आले. वर्षभराने शारीरिक क्षमतेत ठळक फरक नव्हता, समोरून केलेल्यांना गिळण्याचा त्रास मात्र जास्त. आणि त्यात ‘मागून’ म्हणजे स्क्रू घालून किंवा लॅमिनोप्लास्टी, नुसती लॅमिनेक्टमी नव्हे. त्यामुळे बाबांच्या केसला तो अभ्यास थेट लागू करू नका.

नागोयाचा_नाना
लॅमिनोप्लास्टीचा विषय निघाला म्हणून. ती जपानची देणगी. हिराबायाशी यांनी १९७७ मध्ये ‘उघडं दार’ पद्धत आणली: कमान काढून टाकायची नाही, एका बाजूला बिजागरी ठेवायची, दुसरीकडून दार किलकिलं करायचं, रज्जूला जागा मिळते आणि कमान जागेवर राहते. लॅमिनेक्टमीनंतर माना झुकतात हे दिसल्यामुळेच असे उपाय शोधले गेले. अर्थात मान आधीच पुढे वाकलेली असेल तर हीही उपयोगाची नाही.

आज्जीचा_बटवा
बाकी तज्ज्ञ मंडळी आहेतच. मी एकच विचारते, बाबांना काय हवंय? पन्नासेक प्रतिसाद होतील, त्यांचं एक वाक्य आलेलं नाही.

झंपूशेठ
+१. सासऱ्यांना आम्ही विचारलंच नव्हतं. ‘तुम्हाला काय कळतंय’ हे मीच म्हणालो होतो.

वाईची_लेक
आज रात्री विचारते.

फिजिओ_मावशी
विचाराच. तोवर एक सांगून ठेवते, वाट बघायची की नाही हे मानेच्या आकारावर नाही, रज्जूवर ठरतं. हात पुन्हा बिघडले, बटणं पुन्हा लागेनाशी झाली, तोल जायला लागला, लघवीवर ताबा सुटायला लागला, ठसके लागायला लागले, तर तीन महिने वगैरे विसरा, त्याच आठवड्यात सर्जनकडे.

भूलवाली
आणि मान पडण्याची दुसरी कारणं एकदा तपासून घ्या. पार्किन्सन्स, थायरॉइड, मायस्थेनिया (नसांचा निरोप स्नायूंना नीट न पोचण्याचा आजार). सकाळी बरं-दुपारी वाईट, हे स्नायू थकण्याचं लक्षण असलं तरी मायस्थेनियातही असंच असतं. सगळं खापर ऑपरेशनवर फोडून चालत नाही. बी-ट्वेल्व्ह बघाच, विशेषतः शाकाहारी असतील तर. त्याच्या कमतरतेनेही मज्जारज्जू बिघडतो. डेक्सा (हाडांच्या घनतेची तपासणी) झालाय का? टी-स्कोअर उणे अडीच किंवा त्याखाली असेल तर आधी हाडाचं औषध, मग स्क्रूची भाषा. काही सर्जन आधी काही महिने टेरिपॅराटाइडची रोजची इंजेक्शनं देतात.

वाईची_लेक
विचारलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘मला सरळ दिसायचं नाहीये. मला पारावर बसल्यावर बोलणाऱ्याचं तोंड दिसलं पाहिजे, आणि भाकरी गिळता आली पाहिजे. एवढ्यासाठी सहा तास फाडणार असतील तर आधी दुसरं काही होतंय का बघा. हात जायला लागले तर मात्र विचारत बसू नका.’

भाऊ फोनवर होता. तोही काही बोलला नाही.

शब्दवेडा
मास्तर आहेत खरे. चार वाक्यांत सगळं आलं.

*(दहा आठवड्यांनंतर)*

वाईची_लेक
धागा वर काढतेय. काहींनी व्यनितून विचारलं होतं.

दुसऱ्या शहरातल्या एका सर्जनचं मत घेतलं. नवा एमआरआय केला, रज्जूवर नव्याने दाब नाही. मान लवचीक आहे, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत बाबांना झोपवून बघितलं (मावशी!). पहिल्या सर्जननाही जाऊन भेटलो, त्यांना राग वगैरे आला नाही. तीन महिने थांबायला दोघेही तयार झाले.

बी-ट्वेल्व्ह फारच कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत. डेक्सा उणे २.९. टेरिपॅराटाइड चालू केलंय, रोजची सुई आई देते. गिळण्याची तपासणी झाली. भाकरी दुधात कुस्करून, ताट उंचावर ठेवून, छोटे घास. रोज दोन अंडी, बाबांना पहिल्यांदा संकट वाटलं, आता तिसरं मागतात. मूत्रपिंडाचे रिपोर्ट ठीक आहेत, त्यामुळे दिवसाला साठेक ग्रॅम प्रथिनं सांगितलीत. वजन ५४.

फिजिओ आठवड्यातून तीनदा. झोपून डोकं उशीत दाबायचं, खांदे मागे ओढायचे, खुर्चीतून हात न टेकता उठायचं. कॉलर फक्त गाडीत आणि चालताना. दिवसभर घालू नका म्हणाले, स्नायू आणखी सुस्तावतात.

फिजिओ_मावशी
ओळंबा?

वाईची_लेक
५२ चा ४९. पण सर्जन म्हणाले, एवढा फरक उभं राहण्याच्या पद्धतीनेही पडतो, पेढे वाटू नका. दुपारी चारपर्यंत मान राहते आता, पूर्वी बारालाच जायची. संध्याकाळी पडतेच. ऑपरेशन टळलंय असं कोणी म्हणत नाहीये. दिवाळीनंतर परत बघणार आहेत. तोवर पारावर त्यांच्यासाठी मागे टेकायची एक खुर्ची भावाने नेऊन ठेवलीय, थोडी मागे कललेली. त्यात बसलं की समोरच्याचं तोंड दिसतं.

सिमेंट_काँक्रीट
पाया कलवून मजला ओळंब्यात आणला. भावाला माझ्याकडे नोकरी पक्की.

कोल्हापुरी_ठसका
आईची मिशेरी?

वाईची_लेक
तो वेगळा धागा होईल.

नवखा_प्रवासी
सगळे प्रतिसाद वाचायला वेळ नाही. मान दुखते, कुठला कॉलर चांगला?